विकीवरील मराठी नावे : एक तक्रार आणि एक प्रस्ताव

प्रमाण मराठी कोणी ठरवायची, हा वाद आपल्या विद्यापीठीय वर्तुळात गेली कित्येक दशके चालू आहे. महामंडळाचे नियम १९६२ साली शासनमान्य झाले, १९७२ साली त्यांत भर पडली, आणि तेव्हापासून त्या नियमांच्या बाजूने व विरोधात आपण पुष्कळ लिहिले. या वादाचा एक मोठा भाग मात्र आपल्या नकळत दुसरीकडे सरकला आहे. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे विकिस्रोत, विक्शनरी, विकिक्वोट अशी भावंडे आली आणि नंतर सर्वांना जोडणारा विकिडेटा आला. या ठिकाणी रोज दोन प्रश्न सोडवले जातात. एखाद्या पानाला नाव काय द्यायचे? आणि त्या पानावरून दुसऱ्या पानाकडे, दुसऱ्या साईटवरच्या पानाकडे, कसे जायचे? हे प्रश्न तांत्रिक समजून आपण संगणकवाल्यांवर सोडून दिले आहेत. आमच्या मते ते भाषेचे आणि साहित्याचे प्रश्न आहेत, आणि मराठीच्या विद्यार्थी-अध्यापकांनी ते हाती घेतले नाहीत तर नुकसान मराठीचेच होईल.

प्रथम थोडा इतिहास. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी उभी केली तेव्हा दुवा देण्याची त्यांची युक्ती फार साधी होती. दोन इंग्रजी शब्द मधली जागा गाळून एकत्र लिहायचे आणि प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत ठेवायचे. असा जोडशब्द दिसला की यंत्र त्याला पानाचे नाव समजे. ते पान अस्तित्वात नसेल तर शब्दापुढे प्रश्नचिन्ह उमटे, म्हणजे ‘हे पान कोणीतरी लिहा’ असे निमंत्रणच. पुढे अशा अनेक विकी झाल्या तेव्हा त्यांतील काहींनी ‘भगिनी साईट’ ही कल्पना काढली. शेजारच्या विकीवर नेमक्या याच नावाचे पान असेल तर त्याचा दुवा इथे आपोआप दिसावा, अशी ती सोय होती. नाव सारखे म्हणजे विषय सारखा, हे तिच्यामागचे गृहीतक.

हे गृहीतक इंग्रजीतही सर्वत्र टिकणारे नव्हते. मराठीत तर त्याचा पायाच नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसतात, त्यामुळे ती पहिली युक्ती आपल्या लिपीत अवतरूच शकली नसती. विकिपीडियाने २००१ मध्ये दुहेरी चौकटी कंसांची पद्धत स्वीकारली, कोणताही शब्द कंसात घालून दुवा करता येऊ लागला, म्हणून मराठीला विकीचे दार उघडले. पण दार उघडले म्हणजे घर आपल्या सोयीचे झाले असे नव्हे.

पहिली अडचण व्याकरणाची आहे. पानाचे नाव प्रथमेत असते आणि मराठी वाक्यात नाव प्रथमेत क्वचितच येते. ‘कोल्हापूर’ हे पान आहे, पण आम्ही लिहितो ‘कोल्हापुरात’. ग्रामनामातील ‘पूर’ दीर्घ लिहावा असा नियम आहे आणि सामान्यरूपात तोच ऊकार ऱ्हस्व होतो. ‘पुणे’चे ‘पुण्याला’ होते, ‘सातारा’चे ‘साताऱ्याहून’ होते. इंग्रजी लेखकाला अनेकवचनाचे एक अक्षर कंसाबाहेर जोडून भागते. मराठी लेखकाला बहुतेक वेळा दुव्यात दोन गोष्टी लिहाव्या लागतात, पानाचे नाव आणि वाक्यातले रूप. सामान्यरूपाचे जे प्रकरण वर्गात निव्वळ गुणांसाठी शिकवले जाते, ते इथे प्रत्येक ओळीत उपयोगाला येते. ज्याला सामान्यरूप नीट कळत नाही त्याचे दुवे तुटतात, किंवा दुवा टिकवण्यासाठी तो वाक्य वाकवतो. ‘कोल्हापूर मध्ये’, ‘पुणे येथे’ असे तोडलेले मराठी या साईटींवर इतके का दिसते, याचे एक कारण आम्हांस इथे दिसते.

दुसरी अडचण लेखनाची आहे, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून अधिक फसवी आहे. ‘कादंबऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरले जाते. दुसरीत साध्या र ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घातले जाते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. ‘ॲरिस्टॉटल’चे आद्याक्षरही तसेच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी कोणी अ वर चंद्र देत असे, कोणी ऍ वापरत असे. तिन्ही प्रकारची नावे आजही आढळतात. त्यावर महामंडळाच्या नियमांचा थर आहे. कवि की कवी, विष्णु की विष्णू? खुद्द ‘विकी’ हा शब्द सुटा लिहिताना दीर्घ आणि ‘विकिपीडिया’त ऱ्हस्व होतो. आद्याक्षरांचा घोळ त्याहून मोठा : पु.ल., पु. ल., पुल. मधली एक मोकळी जागा कमी-जास्त झाली की पान सापडत नाही.

या अडचणीला विकीचे उत्तर आहे पुनर्निर्देशन. एका नावाने आलेल्या वाचकाला दुसऱ्या नावाच्या पानावर नेऊन सोडायचे. ही कल्पना आपल्याला नवी नाही. केतकरांच्या ज्ञानकोशापासून तर्कतीर्थांच्या विश्वकोशापर्यंत आपल्या कोशकारांनी ‘पहा’ हा शब्द याच कामासाठी वापरला. विश्वकोशात आडनाव आधी आणि नाव नंतर, ही शिस्त आहे. ग्रंथालयांच्या तालिकांत लेखकाचे एक प्रमाणनाम ठरवून बाकीची नावे त्याकडे वळवतात. पुनर्निर्देशन म्हणजे या ‘पहा’चेच यंत्रावरचे रूप होय. फरक एवढाच की कोशात ‘पहा’ लिहिणारा संपादक नेमलेला असे. इथे तो नेमलेला नाही. ज्याला उणीव दिसली त्याने ती भरायची. आणि उणीव दिसण्यासाठी ती दुसरी नावे ठाऊक असावी लागतात.

येथे आम्ही मूळ मुद्द्याला येतो. मराठी साहित्यिकांच्या नावांइतके गुंतागुंतीचे प्रकरण शोधून सापडायचे नाही. राम गणेश गडकरी नाटककार म्हणून गडकरी आहेत, कवी म्हणून गोविंदाग्रज आणि विनोदकार म्हणून बाळकराम. चिं. त्र्यं. खानोलकर ‘कोंडुरा’ लिहितात आणि आरती प्रभू ‘नक्षत्रांचे देणे’. माणसे किती? एक. लेखक किती? या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. टोपणनाव हे केवळ दुसरे नाव नसते. ते एक वेगळा आवाज उभा करते, आणि त्या आवाजाच्या अभ्यासावर आपण प्रबंध लिहितो.

सर्वांत बोलके उदाहरण विभावरी शिरूरकर यांचे. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली या नावाने आले. पुस्तकातील विषयांनी खळबळ उडाली आणि ही विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्या नावामागे बाळूताई खरे होत्या, ज्या पुढे मालतीबाई बेडेकर झाल्या. तीन नावांचे तीन अर्थ आहेत. पहिले माहेरचे, दुसरे लेखणीचे, तिसरे विवाहानंतरचे. त्या काळात एका अध्यापिकेला हे पुस्तक स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करणे किती अवघड होते, हे त्या टोपणनावावाचून समजत नाही. आता पान कोणत्या नावाचे करावे? ‘मालती बेडेकर’ केले तर १९३३ ची ती ढाल पुसली जाते. ‘विभावरी शिरूरकर’ केले तर त्यांनी खऱ्या नावाने केलेले पुढचे लेखन आणि संशोधन दुसऱ्या कोणाचे वाटू लागते. ‘बाळूताई खरे’ या नावाचा कुठे पत्ताच नसेल, तर माहेरच्या नावाने त्यांना शोधणारा अभ्यासक रिकाम्या हाती परततो.

आमचे उत्तर असे की, एकच नाव सर्वत्र चालवण्याचा आग्रह सोडावा. या भावंड साईटींची कामे भिन्न आहेत. विकिपीडियाचे पान माणसाचे असते. तिथे एकच पान हवे, सर्व नावांकडून त्याच्याकडे वाटा हव्यात आणि कोणते नाव कधी व का, हे पानाच्या पहिल्या परिच्छेदात यावे. विकिस्रोताचे पान ग्रंथाचे असते. तिथे मुखपृष्ठावर जे छापले तेच नाव राहिले पाहिजे, कारण तो पुरावा आहे. विक्शनरीचे पान शब्दाचे असते, आणि शब्दाला त्याची सर्व जुनी लेखने सांभाळण्याचा हक्क आहे. प्रत्येक साईटने आपल्या कामाला साजेसे नाव घ्यावे आणि त्यांना जोडण्याचे काम दुव्याने करावे. नावांत एकसारखेपणा असावा लागतो तो दुवे नसतात तेव्हा. दुवे पक्के असतील तर नावांना आपापल्या जागी खरे राहता येते.

ग्रंथनामांकडे पाहिले तर हेच दिसते. ‘ययाति’ म्हटले की पुराणातला राजा, खांडेकरांची १९५९ ची कादंबरी आणि गिरीश कार्नाडांचे १९६१ चे कन्नड नाटक अशा तीन वाटा फुटतात. अशा ठिकाणी निःसंदिग्धीकरणाचे पान करतात. आज प्रचलित नियमाने राजाचे नाव ‘ययाती’ असे दीर्घ लिहिले जाईल, पण खांडेकरांचे पुस्तक नियम येण्यापूर्वीचे आहे आणि त्याच्या नावातला ऱ्हस्व इकार हा त्या पुस्तकाचा भाग आहे. तो ‘शुद्ध’ करणे म्हणजे ग्रंथाचे नाव बदलणे. ‘भावार्थदीपिका’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांत एक नाव ग्रंथाचे आणि दुसरे लोकांनी दिलेले, पण वाचक दुसऱ्यानेच येणार. ‘श्यामची आई’ हे १९३५ चे पुस्तक आहे आणि १९५३ चा आचार्य अत्र्यांचा चित्रपटही. साने गुरुजींचे निधन १९५० चे असल्याने साठ वर्षांच्या मुदतीनंतर, २०११ पासून, त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. त्यामुळे पुस्तकावरच्या लेखातून प्रत्यक्ष संहितेकडे नेणारा दुवा देता येतो. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणून ‘ययाति’च्या संहितेसाठी २०३७ पर्यंत थांबावे लागेल. दुवा कुठवर जाऊ शकतो हे कायदाही ठरवतो, हे विद्यार्थ्यांना यानिमित्ताने सांगता येते.

साने गुरुजींच्या नावावरून आदरार्थी उपाध्यांचा प्रश्न निघतो. कोशाच्या शीर्षकात उपाधी नको, हा सर्वसाधारण संकेत आहे आणि त्यावर मराठी मन दुखावते. ‘गुरुजी’ काढले तर ‘साने’ एवढेच उरते आणि ओळखच हरवते. आमच्या गावाचे नाव ज्यांनी आडनावात मिरवले ते ग्वाल्हेर घराण्याचे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या नावातला ‘बुवा’ कोणी काढून दाखवावा! त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर, कुरुंदवाडचे. हिंदीत ते ‘पलुस्कर’ होतात आणि गुरूंच्या नावातला ‘बाळकृष्ण’ ‘बालकृष्ण’ होतो. जिथे उपाधी नावात मुरली आहे तिथे ती ठेवावी, हे उघड आहे. जिथे मुरलेली नाही तिथे वादाऐवजी मराठी व्याकरणाकडे पाहावे. आपण वाक्यात ‘खांडेकरने लिहिले’ असे कधीच म्हणत नाही. ‘खांडेकरांनी लिहिले’ म्हणतो. पु. ल. वाक्यात ‘पु. लं.नी’ होतात. मराठीत आदर अनुस्वारात आणि क्रियापदाच्या अनेकवचनात राहतो. शीर्षक साधे ठेवले तरी पहिल्या वाक्यापासून तो आदर भाषेतच व्यक्त होतो. इंग्रजीला ही सोय नाही, म्हणून तिथला ‘उपाधी नको’ हा संकेत कोरडा वाटतो. तो मराठीत येताना व्याकरणाची उब घेऊन येऊ शकतो. शीर्षकावरून भांडणारे आणि लेखात मात्र एकेरी क्रियापदे तशीच राहू देणारे संपादक पाहिले की या गोष्टीचे महत्त्व पटते.

नावांचा प्रश्न महाराष्ट्राला कधीच किरकोळ वाटलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत किती सोसावे लागले, हे आपण जाणतो. १९६२ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या नामविस्ताराची मागणी आणि तिला होणारा विरोध, दोन्ही आपल्या परिचयाचे आहेत. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. अशा वेळी विकीवरचे पान नव्या नावाला हलवले जाते आणि जुने नाव पुनर्निर्देशन म्हणून राहते. या बारीक सोयीत आम्हांस एक शहाणपण दिसते. जुन्या ग्रंथात ‘अहमदनगर’ वाचून येणाऱ्याची वाट बंद होत नाही, आणि नव्या नावाचा मानही राहतो.

आमच्या सीमाभागात तर हा रोजचा अनुभव आहे. मराठीत बेळगाव, कन्नडात बेळगावी, हिंदीत बेलगाम. कर्नाटकाने २०१४ साली अधिकृत नाव बदलले तरी मराठी माणसाच्या तोंडी बेळगावच आहे. नाव सारखे तर विषय सारखा, ही जुनी भगिनी साईटींची रीत इथे लावली असती तर ही पाने एकमेकांना कधीच भेटली नसती. पूर्वी प्रत्येक भाषेच्या पानावर इतर सर्व भाषांचे दुवे हाताने वा यांत्रिक साहाय्याने लिहीत. दहा भाषा असल्या तर नव्वद दुवे, आणि एक नाव बदलले की सगळीकडे दुरुस्ती. २०१२ मध्ये विकिडेटा आला आणि २०१३ मध्ये हे आंतरभाषिक दुवे तिथे हलवले गेले. प्रत्येक विषयाला एक क्रमांक मिळतो आणि प्रत्येक भाषा त्या क्रमांकाला आपले नाव देते. क्रमांकाला मातृभाषा नसते, हे या व्यवस्थेचे मोठेपण. बेळगाव हे बेळगावच राहते आणि तरी कन्नड पानाशी जोडलेले राहते. राजकारणाला न जमलेला हा तोडगा एका कोरड्या आकड्याने काढला, याचे आम्हांस कौतुक वाटते.

पण इथेच आमची तक्रारही आहे. क्रमांकाला मराठी नाव देणारा मराठी जाणकार नसेल तर ते नाव इंग्रजी स्पेलिंगवरून उलटे तयार होते. रोमन लिपीत ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, ट आणि त एकच. तिथून परतताना काळे यांचे काले होतात, टिळकांचे तिलक, आणि बाळकृष्णबुवा ‘बालाकृष्णबुवा’ होऊन येऊ शकतात. घरचाच माणूस परदेशी उच्चार घेऊन घरी आल्यासारखे ते वाटते. आणि एका ठिकाणी चुकलेले नाव त्या क्रमांकाबरोबर इतर साईटींवर, शोधयंत्रांत आणि आता मजकूर रचणाऱ्या यंत्रांतही जाते.

‘शोधयंत्रे आता शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घेतात, मग एवढा खटाटोप कशाला?’ असा आक्षेप येईल. तो अगदीच पोकळ नाही. प्रसिद्ध नावांपुरते यंत्र खरोखर सांभाळून घेते. पण ते सांभाळते लोकप्रियतेच्या बळावर. ज्या लेखिकेचे एकच पुस्तक निघाले, ज्या शाहिराचे नाव तीन तऱ्हांनी छापले गेले, त्यांच्यासाठी यंत्राजवळ काही नाही. शोध हा अंदाज असतो. दुवा हा कोणीतरी विचार करून घेतलेला निर्णय असतो : हे आणि ते एकच आहे, किंवा एक नाही. असे निर्णय घेणे हेच तर संशोधनाचे काम आहे.

म्हणून आमचा प्रस्ताव. प्रत्येक महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आपल्या परिसरातील लेखक, कलावंत, ग्रंथ आणि संस्था यांची नावे हाती घ्यावीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एका सत्रात दहा नावांचे काम केले तरी पुरे. त्या नावाची छापील रूपे ग्रंथालयातून गोळा करावीत, पुनर्निर्देशने करावीत, विकिपीडिया, विकिस्रोत आणि विकिडेटा यांतील पाने परस्परांना जोडावीत, आणि नाव का निवडले ते चर्चापानावर चार ओळींत लिहावे. या चार ओळी सर्वांत महत्त्वाच्या, कारण नंतर येणाऱ्याला वाद घालायला काहीतरी हाती लागते. या कामाला प्रकल्पाचे गुण द्यावेत.

इचलकरंजीपुरती यादी आम्ही करू लागलो तेव्हा तीच बरीच लांबली. इथल्या जहागीरदारांचे मूळ पुरुष नारो महादेव हे जोशी, पण संताजी घोरपड्यांच्या सेवेत त्यांनी घोरपडे हे आडनाव घेतले. म्हणजे ‘घोरपडे’ या पानावर दोन भिन्न घराणी येतात आणि ती वेगळी करून दाखवावी लागतात. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या या घराण्यात आली, तिचे नाव कुठे अनुबाई तर कुठे अनूबाई. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘इंचलकरंजी’ असेही येते, तेव्हा त्या नावावरून आमच्या गावाकडे वाट हवी. १९७४ साली पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली येथे साहित्य संमेलन भरले. त्याला कोणी पन्नासावे म्हणून शोधेल, कोणी इचलकरंजीचे म्हणून, कोणी पु. लं.चे म्हणून. तिन्ही शोधांना एकच पान भेटले पाहिजे.

यातले कोणतेही काम अवघड नाही. आपटे वाचन मंदिरासारखे शतकाहून जुने ग्रंथालय गावात असताना पुराव्यांचीही वाण नाही. हवी आहेत ती मराठी नीट येणारी माणसे, आणि ती आपल्या वर्गांत बसलेली आहेत. इतर गावच्या विभागांनी आपापल्या याद्या केल्या, तर त्यांच्या आणि आमच्या यादीत जी नावे समान निघतील त्यांच्यापासून एकत्र सुरुवात करता येईल.